कुलसंमेलन (मराठवाडा)

एका मूळ पुरुषाचे वंशज मानल्या जाणाऱ्या कुटुंबांनी वर्षातून एकदा ठरवून एकत्र येण्याचा कार्यक्रम. तो भरवणाऱ्या संस्थेचे नाव कागदावर कुलमंडळ, कुलबंधू मंडळ किंवा घराण्याच्या नावाचे प्रतिष्ठान असे असते. गावाकडच्या बोलण्यात मात्र ‘भावकीचा मेळावा’. पुणे-कोकणाकडे ही प्रथा छापील कुलवृत्तांतांच्या आधाराने वाढली. आधी ग्रंथ निघाला, मग त्यातली माणसे एकमेकांना भेटली. मराठवाड्यात क्रम उलटा आहे. इथे कुलदैवताची यात्रा, महालक्ष्म्यांचे जेवण आणि सुतकाचे नाते यांनी भावकी आधीच बांधलेली होती. मंडळ, नोंदणी आणि स्मरणिका नंतर आली. त्यामुळे इथल्या बऱ्याच मेळाव्यांच्या पत्रिकेवर मंगल कार्यालयापेक्षा देवस्थानाचे नाव मोठ्या अक्षरात असते.

भावकी आणि आडनाव

कुळाची हद्द कोणती, याचे गावातले उत्तर सोपे आहे : ज्याच्या घरी मयत झाली की आपल्याला दहा दिवसांचे सुतक लागते, तो भावकीतला. भावकीत सोयरीक होत नाही. कुलसंमेलन आणि जातीच्या संघटनेचा वधू-वर मेळावा यांत फरक पडतो तो इथेच. वरून दोन्ही सारखेच दिसतात, तोच मंडप, तेच सत्कार. पण कुळाच्या मेळाव्यात स्थळे पाहायची सोय नाही, कारण समोर बसलेले सगळे भाऊ-बहीण.

कुळ ओळखायची साधने म्हणजे कुलदैवत, गोत्र आणि मराठा व इतर अनेक जातींत देवक, म्हणजे कुळाने पूज्य मानलेले झाड, प्राणी किंवा वस्तू. आडनावावर विसंबता येत नाही. पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे ही वतनाची नावे असल्याने शेजारच्या दोन गावांतले दोन देशमुख एका रक्ताचे असतीलच असे नाही. म्हणून पाटलांनी गावाचे नाव पुढे जोडले. लातूर जिल्ह्यातल्या चाकूर आणि निलंग्याची नावे दोन राजकारणी पाटलांमुळे, शिवराज पाटील चाकूरकर आणि शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्यामुळे, महाराष्ट्रभर पोचली. उलट, जुने आडनाव गळून गेलेलीही उदाहरणे आहेत. जालना जिल्ह्यातल्या जांब गावी १६०८ मध्ये जन्मलेले समर्थ रामदास मूळचे ठोसर, हे शाळेच्या पुस्तकाबाहेर फारसे कुणाच्या लक्षात नसते. वेरूळच्या भोसल्यांकडे गावची पाटीलकी होती, पण तिथे वतनाचे नाव आडनाव झाले नाही. कुलमंडळाच्या पहिल्या दोन-तीन बैठका बहुधा याच प्रश्नावर खर्ची पडतात : आपण मूळचे कोण, आणि ‘आपले’ कोणाला म्हणायचे.

कुलदैवत

महाराष्ट्रातल्या साडेतीन शक्तिपीठांपैकी तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही दोन पूर्ण पीठे मराठवाड्यात आहेत. खंडोबाची ठाणीही अनेक : नांदेड जिल्ह्यातले माळेगाव, छत्रपती संभाजीनगरजवळचे सातारा, आणि धाराशिव जिल्ह्यातली नळदुर्ग व अणदूर ही जोडी, जिथे देव वर्षाचा काही काळ एका गावी आणि उरलेला दुसऱ्या गावी राहतो. माळेगावची यात्रा मार्गशीर्ष वद्यात भरते. घोडे, उंट, गाढवे यांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध असली, तरी अनेक घराण्यांना ती भावकीच्या भेटीची जागा म्हणूनच ठाऊक आहे. तळी उचलताना कोणाचा हात कुणाच्या शेजारी, यावरून कुळातली वडील शाखा आणि धाकटी शाखा कळते, असे जुने लोक सांगतात.

अंबाजोगाईची योगेश्वरी हा वेगळा प्रकार आहे. ती अनेक कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता. देवीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले होते, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाचे दगड झाले, अशी कथा तिथे सांगतात. या नात्यामुळे कोकण-पुण्याकडची कुलमंडळेही अंबाजोगाईला येतात, आणि ज्या प्रदेशात आपले घर नाही, शेत नाही, तिथे कुळ म्हणून उभी राहतात.

देवस्थानाच्या उपाध्यायांकडे आणि त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या असतात. आलेल्या माणसाने स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचे नाव आणि गाव लिहून ठेवायचे, हा रिवाज. खापरपणजोबांची सही मोडीत सापडली की मंडळाच्या कार्यकर्त्याला वर्षभराचा उत्साह मिळतो.

मेळाव्याआधीचे मेळावे

भाद्रपदातल्या ज्येष्ठागौरींना मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणतात. अनेक घराण्यांत भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, तरी महालक्ष्म्या थोरल्या घरीच बसतात आणि नोकरीच्या गावांहून सगळे तिथे जमतात. त्या वेगळ्या केल्या की वाटणी खरोखर पुरी झाली असे समजायचे. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावास्येची वेळ अमावास्या, म्हणजे येळवस, हेही असेच निमित्त : शेतात कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील आणि बोलावल्याशिवायही येणारे पाहुणे. येळवस मात्र कुळापुरती नसते, मित्र, सोयरे, शेजारी सगळ्यांची असते. कुलसंमेलनापेक्षा तिथली पंगत अधिक मोकळी असते, ती बहुधा त्यामुळेच.

नोंदी : तीन लिप्या, दोन राज्ये

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथल्या वंशावळीचे काम अवघड होते ते त्यामुळे. जुना कागद मोडीत किंवा फारसीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा सरकारी कागद उर्दूत, आणि नंतरचा देवनागरीत. एकाच शेताचे तीन पिढ्यांचे उतारे वाचायला तीन माणसे लागतात. त्यात सालाचा घोळ. निजामी कागदांवर फसली, म्हणजे महसुली, सन असतो. त्यात ढोबळमानाने ५९० मिळवले की इसवी सन येतो. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७ चा. हा हिशेब माहीत नसलेला संपादक स्मरणिकेत मूळ पुरुषाला सहज सहाशे वर्षे मागे, यादवांच्या काळात नेऊन बसवतो, आणि भावकीला ते आवडते.

विलीनीकरणानंतर १९५४-५५ च्या सुमारास झालेल्या पाहणीचे ‘खासरा पाहणी पत्रक’ हा मराठवाड्यातल्या जमिनीचा आणि पर्यायाने घराण्याचाही पायाभूत दस्तऐवज. तहसील कार्यालयात त्याची नक्कल मिळते. त्याच्या जोडीला कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. त्यामागचे शोधायचे तर हैदराबादचे दप्तर गाठावे लागते.

लिहिलेल्या कागदाबाहेरही वंशावळ टिकली आहे. भाट घराण्यांच्या पोथ्या वाचून दाखवत. तांड्यांवर बंजाऱ्यांचे ढाडी राठोड, पवार, चव्हाण, जाधव या गोत्रांच्या पिढ्या गाऊन सांगतात. खुलताबादच्या दर्ग्यांभोवतीच्या घराण्यांत शजरा, म्हणजे पिढ्यांची साखळी, जपलेला असतो. तो कधी रक्ताचा, कधी गुरु-शिष्याचा. कुलमंडळांच्या वंशवृक्षाला या मौखिक परंपरांचा उपयोग फार झालेला नाही, हे त्यांचे मोठे न्यून आहे. वतनदाराच्या घरी कागद असतो म्हणून त्याची वंशावळ लांब. भूमिहीनाची दोन-तीन पिढ्यांत संपते, ती पूर्वज कमी होते म्हणून नव्हे.

पांगापांग

भावकी पांगण्याची कारणे मराठवाड्यात ढिगाने आहेत. शिक्षण आणि नोकरीसाठी हैदराबाद हे स्वाभाविक शहर होते. १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकलेली एक अख्खी पिढी जुन्या घराण्यांत सापडते. रझाकारांच्या काळात, १९४७-४८ मध्ये, सरहद्दीवरच्या गावांतली कुटुंबे सोलापूर, बार्शी, नगर, वऱ्हाडाकडे निघून गेली. काही तिकडेच राहिली. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याची विभागणी झाली आणि थोरला भाऊ आंध्रात, धाकटा मुंबई राज्यात अशी घरे झाली. हैदराबादची शाखा मेळाव्याला आली की तिच्या मराठीतले दखनी वळण पोरांना गमतीचे वाटते. परभणी-नांदेडच्या म्हाताऱ्यांना त्यात आपल्या शाळेचे दिवस ऐकू येतात.

पुढे धरण. पैठणच्या जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्‌घाटन केले. नाथसागराखाली गेलेल्या गावांच्या भावकीला जमायला मूळ गावच उरले नाही. कुलदैवताचे ठाणे किंवा पुनर्वसित गावातला नवा मारुती एवढीच जागा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर-धाराशिवमधली दगडमातीची, जड माळवदाची घरे कोसळली. त्यांच्याबरोबर भिंतीतल्या कोनाड्यांतली दप्तरेही मातीत गेली. नव्या गावांत घरे दिली ती जमीनधारणेप्रमाणे लहान-मध्यम-मोठ्या आकारांची. एका आळीत नांदणारी भावकी वेगवेगळ्या ओळींत विखुरली. त्या पट्ट्यातल्या मेळाव्यांत मृतांना श्रद्धांजली हा औपचारिक भाग नसतो. नावे वाचायलाच बराच वेळ लागतो.

संमेलनाचा दिवस

दिवाळीनंतरचे दिवस किंवा डिसेंबरअखेर ही सोयीची वेळ. मे महिन्यात शाळांना सुट्टी असली तरी मराठवाड्याचे ऊन आणि पाण्याची टंचाई पाहता शहाणे मंडळ त्या वाटेला जात नाही. कार्यक्रम साधारण ठरलेला : कुलदैवताची आरती, वंशवृक्षाच्या फ्लेक्सभोवती गर्दी, ज्येष्ठांचा आणि दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार, हिशेबाचे वाचन, जेवण, आणि रात्री मुक्काम असेल तर गोंधळ किंवा जागरण. भाषणे लांबतात. खरे संमेलन फ्लेक्सपाशी असते, जिथे एखादी आजी बोटाने रेघ ओढत “हा नाही, हा त्याचा चुलता” असे सांगून छापील चूक दुरुस्त करते. जेवणात पुरणपोळी आणि येसराची आमटी. शहरी शाखा ज्यासाठी येते ते धपाटे आणि ठेचा मात्र दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीला.

बांधावरून कोर्टात गेलेले चुलतभाऊ त्या दिवशी एका पंगतीला बसतात. बसायची जागा ठरवताना कार्यकर्त्यांची कसोटी लागते. वाद मिटल्याच्या गोष्टी प्रत्येक मंडळ सांगते; नवे वाद वर्गणी आणि अध्यक्षपदावरून निघतात. संस्थेची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने, किमान सात सभासदांवर होते, पण पुष्कळ मंडळे नोंदणीच्या फंदात पडत नाहीत आणि एका खात्यावर व एका व्हॉट्‌सअ‍ॅप ग्रुपवर चालतात.

लेकी

जुन्या वंशावळी पुरुषांच्याच. मुलगी जन्मली तिथे रेघ नाही, सून आली तिथे नाव नाही. अलीकडच्या वंशवृक्षांत लेकींची नावे आणि सुनांची माहेरे येऊ लागली आहेत. काही घराण्यांत माहेरवाशिणींना ओटी भरून बोलावतात. तरी शाखा पुढे वाढते ती मुलाचीच, लेकीच्या नावापाशी रेघ थांबते. विरोधाभास असा की जी नावे वंशवृक्षात मिळत नाहीत ती तलाठ्याच्या दप्तरात हमखास मिळतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क मिळाला, आणि त्यानंतरच्या वारस नोंदींत व हक्कसोडपत्रांवर सगळ्या बहिणींची नावे, सासरच्या आडनावांसह, सह्यांनिशी आहेत. लेकींची वंशावळ लिहायची तर सुरुवात तिथून करावी लागेल.

वंशावळ आणि दाखला

२०२३ पासून मराठवाड्यात वंशावळीला नवे महत्त्व आले. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटी इथून उठलेल्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, कारण कुणबी ही जात ओबीसींत मोडते. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. एका पणजोबाच्या नावापुढे ‘कुणबी’ सापडले तर त्याच्या सगळ्या वंशजांना त्या नोंदीचा उपयोग, मात्र आपण त्याचेच वंशज हे वंशावळीने दाखवायचे. अनेक घराण्यांत पहिला नीट वंशवृक्ष याच कामासाठी काढला गेला, आणि दाखल्यासाठी भेटलेली भावकी पुढे मेळाव्यासाठी भेटू लागली.

जात पडताळणीच्या २०१२ च्या नियमांत नातेवाईक म्हणजे वडिलांकडचा रक्ताचा नातेवाईक. त्यात सोयऱ्यांनाही आणावे यासाठी २६ जानेवारी २०२४ ला ‘सगेसोयरे’ यांची व्याख्या करणारा मसुदा निघाला, आणि त्यावर मोठा वाद झाला. २ सप्टेंबर २०२५ च्या निजामकालीन हैदराबाद गॅझेटियरसंबंधीच्या शासन निर्णयात गावपातळीवरच्या चौकशीची तरतूद आहे. जमिनीचा पुरावा नसलेल्याने १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी आपले पूर्वज त्या भागात राहत असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यायचे, आणि गावातल्या किंवा कुळातल्या नात्यातील प्रमाणपत्रधारकाचे प्रतिज्ञापत्रही चौकशीत धरायचे. ओबीसी संघटनांचा या निर्णयाला विरोध आहे आणि प्रकरण न्यायालयातही गेले. मंडळांच्या कामावर याचा परिणाम दिसतो तो असा की पूर्वी स्मरणिकेत दंतकथेसकट छापली जाणारी वंशावळ आता दोन प्रतींत तयार होते : एक मंडपात लावायला, मूळ पुरुषापासूनची; दुसरी स्टॅम्प पेपरासारखी कोरडी, चार-पाच पिढ्यांची, प्रत्येक नावामागे उताऱ्याचा क्रमांक असलेली.