चाचणी मुदत, सॉफ्टवेअरची

विकत घेण्याआधी सॉफ्टवेअर ठरावीक दिवस फुकट वापरू देण्याची पद्धत, बोलीत 'ट्रायल'. विंडोज सर्व्हरच्या चाचणी आवृत्तीला १८० दिवस मिळतात, फायली दाबून लहान करणाऱ्या विनरारला ४०. मुदत सरली की प्रोग्राम बंद पडतो, काही सोयी काढून घेतो किंवा नुसती खरेदीची आठवण करत राहतो.

या पद्धतीचे मूळ अमेरिकेतल्या शेअरवेअरमध्ये आहे. १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी 'पीसी-टॉक' आणि जिम नॉफ यांनी 'पीसी-फाइल' हे प्रोग्राम लोकांत वाटायला सोडले : प्रती खुशाल वाटा, उपयोगी पडले तर पैसे पाठवा. त्यात कसलेही कुलूप नव्हते. विनरारने तो भरवसा बराचसा जपला आहे. ४० दिवसांनंतरही ते फायली उघडतेच.

कुलूप लावायचे तर दिवस मोजावे लागतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. प्रोग्राम पहिल्यांदा चालतो तेव्हा ती तारीख रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत) किंवा एखाद्या लपवलेल्या फायलीत टिपून ठेवतो. पण घड्याळ वापरणाऱ्याच्याच संगणकाचे असते, त्यामुळे तारीख मागे नेणे हा सर्वांना सुचणारा पहिला उपाय. त्यावर तोड म्हणून प्रोग्राम शेवटच्या वापराची वेळही लिहून ठेवतो. आजची तारीख तिच्या आधीची निघाली की फेरफार उघड होतो. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकले तरी जुनी नोंद मागे उरलेली असते. व्हर्च्युअल मशीनपुढे, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकापुढे, मात्र हे सारे लुळे पडते : तिथे पहिल्या दिवशीच्या स्थितीवर परतले की अख्खा संगणकच मागे जातो, लपवलेल्या नोंदीसकट.

'क्रॅक'चा, म्हणजे प्रोग्राममध्येच फेरफार करून कुलूप फोडण्याचा, मार्ग वेगळा. कितीही गुंतागुंत केली तरी 'मुदत संपली का?' हा प्रश्न यंत्रभाषेत एखाद्या तुलनेवर आणि तिच्यापुढच्या उडीवर (उत्तरानुसार पुढे कुठे जायचे ते ठरवणाऱ्या आज्ञेवर) येऊन ठेपतो. डिबगरने, म्हणजे प्रोग्राम पायरीपायरीने तपासण्याच्या साधनाने, ती जागा शोधून उडी फिरवली की तपासणी निकामी होते. म्हणून निर्माते तपासण्या अनेक ठिकाणी विखुरतात, प्रोग्रामचा कोड कूटबद्ध करतात. विकत घेणाऱ्याला कुलूप उघडायला दिलेला खरा क्रमांक ओळखण्याचे गणित प्रोग्रामच्याच पोटात असेल, तर ते उलगडून 'कीजेन' नावाचा छोटा प्रोग्राम नवे क्रमांक घडवतो. अंकीय स्वाक्षरीने हा रस्ता बंद होतो, कारण स्वाक्षरी करणारी खासगी किल्ली निर्मात्याकडेच राहते. पण तपासणीच उडवून लावणाऱ्याला ती अडवत नाही.

शेवटी घड्याळच निर्मात्यांनी आपल्याकडे घेतले. खाते आणि संगणकाच्या हार्डवेअरचा ठसा सर्व्हरवर नोंदला, की स्थानिक तारीख बदलून काही होत नाही. याची किंमत प्रामाणिक ग्राहकही मोजतो : नेट नसेल तर अडतो, आणि सर्व्हर कायमचा बंद झाला तर विकत घेतलेली प्रतही अडकू शकते.

मुदत वाढवणे दर वेळी लबाडीच असते असे नाही. विंडोज व्हिस्टात ३० दिवसांची मुदत अंगभूत आज्ञेनेच तीनदा नव्याने सुरू करून १२० दिवसांपर्यंत नेता येई. कुलूप फोडणे मात्र निराळे. भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ साली घातलेल्या कलम ६५अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक तांत्रिक उपाय चुकवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. रोजचा धोका त्याहून जवळचा आहे. क्रॅक चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच दारातून पासवर्ड चोरणारे प्रोग्राम आत शिरतात.

हिशेबाचे सॉफ्टवेअर करणाऱ्या बंगळूरच्या टॅली कंपनीने वापरलेली युक्ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते. तिच्या शैक्षणिक प्रकारात दिवस मोजलेच जात नाहीत. व्हाउचरवर महिन्याची १, २ आणि ३१ एवढ्याच तारखा घालता येतात. क्लासमधला विद्यार्थी खरेदी-विक्रीपासून ताळेबंदापर्यंत सगळे फुकट शिकतो, हवे तितके महिने. दुकानाचा रोजचा हिशेब मात्र त्यात ठेवता येत नाही, आणि संगणकाचे घड्याळ मागे नेऊनही ५ तारखेचे बिल चढत नाही.