पाऱ्याच्या थेंबापासून लिपिडच्या थरापर्यंत

पाणी आणि त्यात न मिसळणारा द्रव एकमेकांना टेकले की मध्ये एक सीमा तयार होते. तिथे धातू नसतो, तार जोडायला जागा नसते. मग तिच्यावर विद्युत विभव (व्होल्टेज) लावायचा कसा? पेशीपटल ज्या स्निग्ध रेणूंचं बनतं त्या फॉस्फोलिपिडचा या सीमेवरचा अभ्यास बराच काळ रखडला, तो माझ्या मते याच अडचणीपायी.

विभव बदलला की पृष्ठताण बदलतो, हे गाब्रिएल लिपमान यांनी १८७० च्या दशकात दाखवलं, पण पाऱ्यावर. १९०२ मध्ये नेर्न्स्ट आणि रीझनफेल्ड यांनी पाणी आणि फिनॉल यांच्या सीमेतून वीज वाहवली. त्यांना आयनांच्या वहनात रस होता, सीमेत नव्हे.

लिपिडची गोष्ट वेगळ्याच वाटेने चालली होती. गोब्ले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अंड्याच्या बलकातून लेसिथिन हे फॉस्फोलिपिड वेगळं केलं. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतलं लिपिड पाण्यावर पसरवलं, तर ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापत होतं. म्हणजे पेशीपटल दुहेरी. (मोजणीत दोन चुका होत्या आणि दोन्हींनी एकमेकींना सांभाळून घेतलं!)

सीमेची कोंडी फुटली ती पुष्कळ उशिरा. योग्य क्षार निवडले तर काहीशे मिलिव्होल्टच्या पट्ट्यात ही सीमा धातूच्या इलेक्ट्रोडसारखी वागते, हे फ्रान्समध्ये गावाक यांनी १९६८ च्या सुमारास दाखवलं. प्राग तर पाऱ्याचा थेंब इलेक्ट्रोड म्हणून वापरणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ हेयरोव्स्की यांचं गाव. तिथेच कोरिटा यांनी १९७६ मध्ये पाऱ्याऐवजी इलेक्ट्रोलाइटचाच थेंब वापरला. पाठोपाठ चार इलेक्ट्रोडची मांडणी आली: दोन वीज वाहवायला, दोन सीमेच्या अगदी जवळ विभव मोजायला.

आता लिपिडची पाळी होती. १९८४ मध्ये जिरो आणि शिफरिन यांनी पाणी आणि त्यात न मिसळणारं डायक्लोरोइथेन यांच्या सीमेवर फॉस्फेटिडिलकोलीन आणि फॉस्फेटिडिलइथेनॉलअमीन या दोन फॉस्फोलिपिडांचं अधिशोषण, म्हणजे सीमेवर चिकटून गोळा होणं, तपासलं. लोंबत्या थेंबाचा आकार टिपून त्यावरून पृष्ठताण काढण्याची त्यांची पद्धत मला सगळ्यात देखणी वाटते. निष्कर्ष असा, की विभवाच्या ठरावीक पट्ट्यात रेणू दाटीने एकपदरी थर करतात. पट्टा ओलांडला की थर विस्कटतो.

या रेणूंच्या शीर्षभागावर, म्हणजे पाण्याकडच्या टोकावर, धन आणि ऋण प्रभार सारखेच असताना विभवाचा एवढा परिणाम का व्हावा? पुढच्या कामांत पाण्यातल्या धन आयनांकडे बोट गेलं: ते शीर्षाला चिकटतात, रेणू प्रभारित होतो आणि मग विद्युत क्षेत्र त्याला सीमेवरून ओढून नेऊ शकतं.