युनियन सोडायची, बदलायची की नवी काढायची? कोकणातल्या कामगारांसाठी पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

लोटे-परशुराम असो, महाड असो की रोह्याजवळचं धाटाव, गणपतीच्या आधीचा महिना आला की टाइम ऑफिससमोर एकच विषय असतो: बोनस किती आणि ऍग्रीमेंटचं काय झालं. पाठोपाठ युनियनच्या नावाने बोटं मोडणंही सुरू होतं. करारावर सह्या झाल्या, पण मसुदा कुणाच्या हाती लागला नाही. वर्गणी दरमहा कापली जाते, पावती मिळत नाही. फरकाच्या रकमेतून, म्हणजे नव्या करारानुसार मागच्या महिन्यांच्या मिळालेल्या पगारवाढीतून, युनियनने किती घेतले, सांगायला कुणी तयार नाही. नेते मुंबईहून येतात, गेट मीटिंग घेतात आणि साहेबांच्या केबिनमध्ये चहा पिऊन परत जातात.

यातल्या बऱ्याच तक्रारी खऱ्या असतात. पण त्यावर पहिलं पाऊल म्हणून रागाच्या भरात राजीनामा दिला जातो, आणि तिथेच घोळ होतो. मान्यताप्राप्त युनियनने केलेला किंवा समेट अधिकाऱ्यासमोर (मालक-कामगार वाद मिटवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर) झालेला करार सभासद नसलेल्या कामगारालाही लागू होतो. म्हणजे राजीनाम्याने करारातून सुटका होत नाही. उलट हिशेब मागण्याचा, वह्या पाहण्याचा, निवडणुकीत मत देण्याचा हक्क मात्र जातो. म्हणून आधी हिशेब पाहा, मग राजीनाम्याचं ठरवा.

कायदा कुठला, ते आधी स्पष्ट करतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू आहे. कामगार संघटनांचा 1926 चा कायदा, स्थायी आदेशांचा 1946 चा आणि औद्योगिक विवादांचा 1947 चा, हे तिन्ही तिच्यात गेले. राज्याचा मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांचा 1971 चा कायदा, ज्याला सगळे एमआरटीयू म्हणतात, संहितेने रद्द केलेल्या त्या तिघांत नाही. जुन्या कायद्याखाली नोंदलेल्या युनियनची नोंदणी चालू धरली जाते, मात्र आपली घटना, म्हणजे युनियनची नियमावली, नव्या तरतुदींप्रमाणे सुधारल्याचं निवेदन तिने युनियनची नोंदणी करणाऱ्या निबंधकाकडे द्यायचं असतं. तुमच्या युनियनने ते दिलं का, हा पहिला प्रश्न विचारायला हरकत नाही.

नोंदणीकृत आणि मान्यताप्राप्त

गेटवर बोर्ड लागला म्हणजे युनियनला मान्यता मिळाली, असं समजणारे खूप आहेत. नोंदणी निबंधकाकडे होते. एमआरटीयूखालची मान्यता औद्योगिक न्यायालय देतं, आणि एका आस्थापनेत ती एकाच युनियनला मिळते. मालकाशी सगळ्या कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मान्यतेतून येतो. मान्यता नसलेल्या युनियनलाही आपल्या सभासदाच्या बडतर्फी, निलंबन, कामगारकपातीच्या तक्रारीवर मालकाशी बोलता येतं आणि खात्यांतर्गत चौकशीत त्याच्या बाजूने उभं राहता येतं. ऍग्रीमेंट मात्र तिच्या हातात नसतं. तुमच्या युनियनकडे यातलं काय आहे हे कळल्याशिवाय पुढचा रस्ता ठरत नाही, तेव्हा नोंदणी क्रमांक आणि मान्यतेच्या प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या.

हिशेब मागण्याचा अर्ज

पात्रता एवढीच, की तुम्ही सभासद असावं. युनियनच्या हिशेबाच्या वह्या आणि सभासदांची यादी पाहण्याचा सभासदाला कायद्यानेच हक्क आहे. वेळ घटनेत दिलेली असते. साध्या कागदावर सरचिटणीसांच्या नावे अर्ज करा: कुठल्या वर्षाचा हिशेब पाहायचा आहे, फरकातून घेतलेल्या रकमेचा ठराव कधी झाला, घटनेची प्रत हवी आहे. सोबत पगारपत्रकाची झेरॉक्स जोडा, त्यावर वर्गणीची कपात छापलेली असते. हाताने देताना दुसऱ्या प्रतीवर सही-तारीख घ्या. घेतली नाही तर पोचपावतीच्या टपालाने पाठवा. व्हॉट्सऍपवर टाकलेला मेसेज या कामाला पुरेसा नाही.

उत्तर आलं नाही तर आणखी एक वाट आहे. प्रत्येक नोंदणीकृत युनियनला तपासलेल्या हिशेबासह वार्षिक विवरणपत्र निबंधकाकडे द्यावं लागतं. ते सरकारी दप्तरी असतं, म्हणून माहितीच्या अधिकारात मागता येतं. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, विषय एकच ठेवा आणि मजकूर 150 शब्दांच्या आत बसवा. महाराष्ट्राच्या नियमांत ही मर्यादा आहे आणि तिच्यावर बोट ठेवून अर्ज परत केले जातात. उत्तराची मुदत 30 दिवसांची.

निवडणूकच होत नसेल, कारभारात गडबड असेल किंवा सभासदत्व नाकारलं असेल, तर संहितेच्या कलम 22 खाली कामगाराला स्वतः औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. असा वाद दिवाणी कोर्टात चालत नाही. खेडच्या किंवा चिपळूणच्या दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागायला जाण्याचा खर्च वाचवा.

सोडायचीच असेल तर

राजीनाम्याला कारण द्यावं लागत नाही. एक पत्र युनियनला आणि दुसरं कंपनीच्या एचआरला द्या. दुसरं पत्र लोक विसरतात आणि मग वर्षभर वर्गणी कापली जाते म्हणून ओरडतात. पगारातून वर्गणी कापायला कामगाराची लेखी संमती लागते. ती संमती अमुक महिन्यापासून मागे घेत आहे, असं स्पष्ट लिहा. टोकन नंबर, खातं, युनियनचं नाव घाला आणि आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवा. पुढे कदाचित कोर्टात हीच लागेल.

नवी युनियन: कोण अर्ज करू शकतं

अर्जावर किमान सात सभासदांच्या सह्या लागतात. पण सातावर भागत नाही. अर्जाच्या दिवशी त्या आस्थापनेतले किंवा उद्योगातले 10 टक्के किंवा 100 कामगार, यातला जो आकडा कमी तेवढे सभासद असले पाहिजेत. 240 कामगारांच्या कारखान्यात 24 झाले की अर्ज करता येतो. पगार जास्त आहे म्हणून ऑपरेटर कामगार ठरत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. महिना 18,000 रुपयांची मर्यादा सुपरवायझरचं काम करणाऱ्यांसाठी आहे.

बाहेरचे पदाधिकारी किती घ्यायचे यालाही मर्यादा आहे. एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यातला कमी आकडा. बाकीचे त्याच कारखान्यातले किंवा उद्योगातले हवेत. माझ्या मते हे कलम नव्या कमिटीने पाठच करावं, कारण मुंबईच्या एका नेत्याला कंटाळून दुसऱ्या नेत्याच्या हाती सगळं देणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

कागद असे लागतात: सभेचं इतिवृत्त, घटना आणि ती मंजूर केल्याचा ठराव, अर्ज करणाऱ्यांना अधिकार देणारा ठराव, प्रतिज्ञापत्र, पदाधिकाऱ्यांची नावं, वय, पत्ते, व्यवसाय, अर्जदारांची नावं आणि ते कुठे काम करतात ते. युनियनच्या कार्यालयाचा पत्ता द्यावा लागतो. तो कुणाच्या घराचा असेल तर घरमालकाची संमती आणि लाइट बिलाची प्रत जोडलेली बरी. घटनेत उद्देश, वर्गणी, निधी कशावर खर्च होणार, पदाधिकारी कसे निवडायचे आणि कसे काढायचे, हिशेब तपासणी आणि विसर्जन हे सगळं आलं पाहिजे. काढायचे कसे, हे कलम जरा नीट लिहा. ज्या युनियनला कंटाळून तुम्ही बाहेर पडताय, तिच्या घटनेत बहुधा तेच मोघम असणार. अर्जाचा नमुना जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात विचारून घ्या. स्टेशनरीच्या दुकानातला जुना छापील फॉर्म आणू नका, त्यावर 1926 चा कायदा छापलेला असतो.

मान्यता बदलणं: खरी लढाई इथे

एमआरटीयूखाली 50 किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेत, अर्जाच्या महिन्याआधीचे सलग सहा कॅलेंडर महिने किमान 30 टक्के कामगार सभासद असलेली युनियन औद्योगिक न्यायालयाकडे मान्यतेचा अर्ज करू शकते. मान्यता आधीच दुसरीकडे असेल, तर तुमची सभासदसंख्या तिच्यापेक्षा जास्त असायला हवी आणि तिला मान्यता मिळून दोन वर्षं झालेली असायला हवीत. तुमचाच अर्ज एकदा निकाली निघाला असेल तर पुढच्यासाठी वर्षभर थांबावं लागतं. संहितेच्या कलम 14 ची कसोटी वेगळी आहे. हजेरीपटावरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकमेव वाटाघाटी युनियन ठरते. कुणाकडेच तेवढे नसतील तर किमान 20 टक्केवाल्यांची मिळून परिषद होते. माझा सल्ला साधा आहे: 30 वर थांबू नका. 240 मधले 123 जण तुमच्याकडे असतील तर दोन्ही कसोट्यांना उतराल.

आता तपासणी कशी होते ते पाहा. समजा ऑगस्टमध्ये अर्ज केला. मग फेब्रुवारी ते जुलै हे सहाही महिने मोजले जातील, आणि प्रत्येक महिन्यात 240 पैकी 72 पावत्या दिसल्या पाहिजेत. पाच महिने 90 आणि एका महिन्यात 65 असतील तर अर्ज पडतो. एमआरटीयूत न्यायालयाला मदत करणारा तपास अधिकारी असतो. तो पावतीपुस्तकं, सभासद नोंदवही, रोकडवही आणि बँक पासबुक एकमेकांशी ताडून पाहतो. सहा महिन्यांच्या पावत्या एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाही चुरगळलेल्या पानाशिवाय लिहिलेल्या असल्या की समोरचा वकील तेवढंच धरून बसतो. म्हणून अनुक्रमांक छापलेली पुस्तकं वापरा, वर्गणी ज्या दिवशी घेतली त्याच दिवशी पावती फाडा, जमा झालेली रक्कम त्या महिन्यातच बँकेत भरा. शिमग्याच्या सुट्टीत वर्गणी राहून जाते, तर मार्चचा महिना आधीच उरकून घ्या. एकच माणूस दोन्ही युनियनच्या यादीत सापडला की वाद होतो. तिथे जुन्या युनियनचा राजीनामा आणि त्यावरचा आवक शिक्का कामी येतो.

हे सगळं किचकट वाटतं, पण याहून वाईट काळ कोकणच्या घराघरांनी पाहिला आहे. मुंबईच्या गिरण्यांना 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता आणि त्याखाली राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही प्रातिनिधिक युनियन होती. बोनसच्या करारावर नाराज झालेले गिरणी कामगार मालवणच्या देवबागचे डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले आणि 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. कामगार एका नेत्यामागे आणि बोलणी करण्याचा कायदेशीर अधिकार दुसऱ्या युनियनकडे, ही गाठ शेवटपर्यंत सुटली नाही.

दबाव आला तर

युनियन बदलतोय म्हणून बदली, निलंबन किंवा धमकी आली, तर ती अनुचित प्रथा आहे. एका युनियनला झुकतं माप देणं हीसुद्धा मालकाची अनुचित प्रथा. कामगारांना सभासद होण्यासाठी किंवा न होण्यासाठी धमकावणं ही युनियनची. एमआरटीयूखालची तक्रार प्रकार घडल्यापासून 90 दिवसांत करायची, उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं आणि सोबत कोण होतं, हे त्याच रात्री वहीत लिहून ठेवा. नोकरीवरूनच काढलं असेल, तर तो वाद कामगार स्वतः समेट अधिकाऱ्याकडे नेऊ शकतो. त्यासाठी युनियनची सही लागत नाही.

कंत्राटी कामगारांनाही सभासद होता येतं, अगदी मासळी प्रक्रिया कारखान्यातल्या बायकांनाही. पण कंपनी ‘हे आमचे कामगारच नाहीत’ म्हणाली, तर सिप्ला प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या निकालानंतर एमआरटीयूची तक्रार तिथेच अडते. आधी कामगार-मालक नातं वेगळ्या विवादात सिद्ध करावं लागतं. त्यासाठी गेटपास, हजेरी कार्डाचे फोटो आणि भविष्यनिर्वाह निधीचा उतारा आतापासून जमवा.

उरणचं जवाहरलाल नेहरू बंदर किंवा कोकण रेल्वे इथे कामाला असाल, तर हा केंद्राचा विषय आहे. समेटाचे अर्ज केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जातात, जिल्ह्याच्या कार्यालयात घेतले जात नाहीत.