गिटारचा आवाज फाटतो, तेव्हा सा-प का टिकतात?

सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म. सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. पेटीवर पांढरी पाचचा सा धरून हे वाजवून बघा. पुण्यातल्या गिटार क्लासवरून संध्याकाळी चालत गेलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’चा हा रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, १९७२ च्या अल्बममधला. डिसेंबर १९७१ मध्ये फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कॅसिनो जळाला आणि धूर सरोवरावर पसरला, त्यावरून गाण्याचं नाव आलं. आगीची ही गोष्ट सगळेच सांगतात. मला मात्र त्या रिफमधल्या दोन तारांचं कौतुक जास्त आहे.

हे स्वर एकेकटे वाजत नाहीत. बँडचा तेव्हाचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर प्रत्येक स्वराबरोबर खालच्या सप्तकातला त्याचा पंचमही छेडतो. पहिली जोडी म्हणजे गिटारची चौथी आणि तिसरी तार, दोन्ही मोकळ्या: मंद्र प आणि सा. पंचमात लावलेल्या तानपुऱ्याच्या पहिल्या दोन तारांमध्ये हेच नातं असतं. पूर्वी सवाईला रात्र-रात्र बसलेल्यांच्या कानात ते पक्कं मुरलेलं आहे, फक्त त्याला कुणी रॉक म्हणत नाही.

आता गंमत. आमच्या शेजारची इंजिनिअरिंगची मुलगी सध्या हा रिफ बसवते आहे. घरात पेटी वाजवणारे आजोबा. तिनं अॅम्पचा (अॅम्प्लिफायरचा) गेन, म्हणजे आवाज किती वाढवायचा ते बटण, पूर्ण चढवून चौथी-तिसरी तार एकत्र छेडली, तर दणदणीत, भरीव आवाज आला. मग तिसरी आणि दुसरी छेडली, म्हणजे सा आणि शुद्ध गंधार. नुसता चिखल.

“अगं, बोटं नीट दाब की.”

“आजोबा, बोटं ठेवलीच नाहीयेत! दोन्ही तारा मोकळ्या आहेत.”

“मग ट्यूनिंग बघ.”

ट्यूनरवर हिरवा दिवा होता. दोष हाताचा नव्हताच.

स्टीलची तार पिकअपच्या चुंबकावर थरथरते, तेव्हा चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात अगदी क्षीण विद्युतदाब तयार होतो. फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. (नायलॉनच्या तारा लावल्या तर पिकअपला काहीच कळणार नाही.) अॅम्प तो दाब वाढवतो. त्याच्या कुवतीपलीकडे वाढवायला लावलं की लहरीचे माथे छाटले जातात. आवाज फाटतो तो इथे. एकच तार वाजत असेल तर छाटणीतून फक्त तिचेच जादा उपस्वर निघतात, दुप्पट, तिप्पट कंपनांचे, आणि ते कानाला गोडच लागतात. दोन तारा एकाच सर्किटमधून गेल्या तर मात्र त्यांच्या बेरजा-वजाबाक्या जन्माला येतात, म्हणजे कुणीही न छेडलेले स्वर.

मंद्र प आहे सुमारे १४६.८ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांचा, आणि सा १९६ चा. वजाबाकी ४९.२. साच्या दोन सप्तकं खालचा सा ४९ हर्ट्झचा असतो, म्हणजे निर्माण झालेला तिसरा स्वर पुन्हा साच! छोट्या अॅम्पच्या स्पीकरला ४९ हर्ट्झ झेपत नाहीत, पण पच्या दुपटीतून सा वजा केला की ९७.७ मिळतात. हा झाला एक सप्तक खालचा सा, आणि तो व्यवस्थित ऐकू येतो. दोन तारांत एवढं वजन कुठून येतं, त्याचं उत्तर या वजाबाकीत आहे.

आता सा-ग. गंधार २४६.९ हर्ट्झवर, वजाबाकी ५०.९. हवे होते ४९. पेटीसारखेच गिटारचे पडदेही सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात आणि मोकळ्या ताराही त्याच हिशेबानं लावतात. त्यात पंचम जवळजवळ शुद्ध राहतो, पण गंधार अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या भागानं चढतो. १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली, त्यामागच्या तक्रारींत हे स्थिर स्वरही होते. साध्या आवाजात ही चूक कान पोटात घालतो. वजाबाकीत ती फुगते: नवा स्वर अर्ध्या स्वराच्या दोन तृतीयांश इतका चढलेला निघतो. हार्ड रॉकवाले पूर्ण कॉर्ड (सा-ग-प एकत्र) टाळून नुसते सा-प दामटतात, ते आळसापोटी नाही.

तानपुऱ्याची जवारीही (घोडीवर तार टेकते तिथली घडण) तारेतून उपस्वर उमलवते, आणि भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्याचा अभ्यास केला होता. पण तिथे प्रत्येक तार आपापली घोडीवर घासते. अॅम्पमध्ये सगळ्या तारांची एकच छाटणी होते. सहा तारांना सहा वेगळे पिकअप आणि सहा वेगळी सर्किटं दिली, तर सा-गसुद्धा स्वच्छ फाटतो. अशी उपकरणं आहेतही.

पुण्यात वाजवताना एक पाहुणा स्वर फुकट मिळतो. आपली वीज ५० हर्ट्झची. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचं, पिकअप ती घरातल्या वायरिंगमधून उचलतं आणि अॅम्प गुणगुणत बसतो, आपल्या खर्जातल्या सापेक्षा किंचित चढा. तारांवर तळवा टेकवला की गुणगुण बरीच दबते. अर्थिंग धड नसलेल्या जुन्या इमारतीत जास्तच जाणवते. अमेरिकेत ६० हर्ट्झ असल्यामुळे तिथली गुणगुण या रिफच्या साजवळही फिरकत नाही.

शिकणाऱ्यांनी आणखी एक बघावं. ब्लॅकमोर हा रिफ प्लेक्ट्रमनं (तार छेडायच्या छोट्या पट्टीनं) झोडपत नाही, दोन्ही तारा बोटांनी एकदम ओढतो. प्लेक्ट्रम एका तारेवरून दुसरीवर जाईपर्यंत किंचित वेळ जातो आणि तेवढ्यात पहिली तार एकटीच फाटते. दोन्ही एकत्र सुटल्या की तो तिसरा सा पहिल्या क्षणापासून हजर असतो. शेजारच्या मुलीनं आता प्लेक्ट्रम ठेवून दिलंय आणि गेन निम्म्यावर आणलाय. आजोबांची तक्रार आता फक्त तालाबद्दल आहे, आणि तिच्यात तथ्य आहे.