देखरेख कोणी कोणावर ठेवायची?

'देखरेख' हा शब्द अपंग माणसाच्या वाट्याला कायमच आला, पण तो दुसऱ्याच्या हातातला. देखरेख घरचे ठेवणार, वसतिगृहाचे अधीक्षक ठेवणार, डॉक्टर ठेवणार. अपंग व्यक्तींनी सरकारवर देखरेख ठेवायची, ही कल्पना आंतरराष्ट्रीय कायद्यात रुजायला विसावं शतक संपत आलं.

आधीची कागदपत्रं वाचली की फरक कळतो. १९७१ साली संयुक्त राष्ट्रांनी मतिमंद व्यक्तींच्या हक्कांचा जाहीरनामा काढला. त्यात या व्यक्तींना इतर माणसांसारखेच हक्क आहेत असं म्हटलं होतं, पण 'जास्तीत जास्त शक्य असेल तितके'. म्हणजे माणूसपणालाही सोयीची अट. १९७५ मध्ये सर्वच अपंगांसाठी जाहीरनामा आला. तो पाळला जातोय का, हे तपासणारं मात्र कोणी नेमलं नाही.

धक्का दिला तो १९८० साली कॅनडातल्या विनिपेगने. 'रिहॅबिलिटेशन इंटरनॅशनल' ही मुख्यतः डॉक्टर आणि पुनर्वसन तज्ज्ञांची संघटना. तिथल्या अधिवेशनात मागणी झाली, की प्रत्येक देशाच्या प्रतिनिधींपैकी निम्मे तरी स्वतः अपंग असावेत. मागणी फेटाळली गेली. चिडलेल्या अपंग प्रतिनिधींनी आपली वेगळी चूल मांडायचं ठरवलं आणि पुढच्याच वर्षी सिंगापूरमध्ये 'डिसेबल्ड पीपल्स इंटरनॅशनल' उभी राहिली. पुढे भारताचे जावेद अबिदीही तिचे अध्यक्ष झाले.

अपंगांच्या हक्कांसाठी संयुक्त राष्ट्रांचा बंधनकारक करार हवा, असा प्रस्ताव १९८७ मध्ये इटलीने आणि मग १९८९ मध्ये स्वीडनने मांडला. दोन्ही बारगळले. मानवी हक्कांचे करार सगळ्यांसाठीच आहेत, मग अपंगांसाठी वेगळा कशाला, असं अनेक देशांचं म्हणणं. अखेर १९९३ साली तडजोड म्हणून २२ 'प्रमाण नियम' मंजूर झाले. ते कोणावरही बंधनकारक नव्हते. तरी त्यांच्यात एक सोय होती, आणि माझ्या मते सगळ्या इतिहासातली तीच कळीची: नियमांवर लक्ष ठेवायला एक विशेष प्रतिवेदक, आणि त्याच्या सोबतीला अपंगांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांचं तज्ज्ञ मंडळ. प्रतिवेदक झाले बेंग्ट लिंडक्विस्ट. स्वीडनचे माजी मंत्री आणि स्वतः अंध. १९९४ ते २००२ या काळात त्यांनी सरकारांना प्रश्नावल्या पाठवल्या आणि उत्तरांचा पिच्छा पुरवला.

पण सरकारी उत्तरं ती सरकारी उत्तरं. कायदा आहे का? आहे. समिती आहे का? आहे. माणसाचं काय झालं, हे त्यात कुठे येत नाही. म्हणून नोव्हेंबर २००० मध्ये स्टॉकहोमजवळ आल्मोसा इथे, हक्कभंगाची नोंद अपंगांनी स्वतः कशी ठेवावी यावर चर्चा झाली. तिच्या पाठपुराव्यातून टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठात मार्सिया रियू आणि लिंडक्विस्ट यांनी एक प्रकल्प उभा केला. पद्धत साधी होती. अपंग व्यक्तींनाच मुलाखती घ्यायचं प्रशिक्षण द्यायचं आणि त्यांनी इतर अपंगांकडे जाऊन विचारायचं: तुमचा मान राखला जातो का, तुमचे निर्णय कोण घेतं, तुम्हाला कुठून वगळलं जातं? जोडीला कायद्यांची आणि माध्यमांतल्या चित्रणाची तपासणी. केनिया, कॅमेरून, फिलिपिन्स अशा देशांत हे काम झालं.

दरम्यान २००१ मध्ये मेक्सिकोने कराराचा विषय पुन्हा काढला, आणि या वेळी तो टिकला. न्यूयॉर्कमधल्या वाटाघाटींत अपंगांच्या संघटना थेट बसल्या. 'आमच्याविना आमच्याबद्दल काही नाही' ही घोषणा तिथे सतत ऐकू यायची. सर्वात मोठी झटापट झाली ती कलम १२ वर, म्हणजे स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याच्या कायदेशीर क्षमतेवर. ऑगस्ट २००६ च्या मसुद्यात या कलमाला एक तळटीप चिकटवली गेली: अरबी, चिनी आणि रशियन भाषांत 'कायदेशीर क्षमता' म्हणजे फक्त हक्क असण्याची क्षमता, ते बजावण्याची नव्हे. एका तळटिपीत अख्खं कलम पोकळ झालं असतं. संघटनांनी जोर लावला, टीप गेली आणि १३ डिसेंबर २००६ रोजी करार मंजूर झाला.

करार ३ मे २००८ पासून लागू झाला. प्रत्येक देशाने दोन वर्षांत पहिला अहवाल द्यायचा, मग दर चार वर्षांनी. जिनिव्हातली समिती तो तपासते. तिचे सदस्य आधी १२ होते, नंतर १८. (२०१७ मध्ये या अठरांत एकच स्त्री उरली होती. हक्कांच्या समितीत!) सरकारी अहवालासोबत संघटनांचे समांतर अहवालही तिच्यापुढे येतात, आणि खरे टोकदार प्रश्न बहुधा त्यांतूनच निघतात. ज्या देशांनी कराराला जोडलेला ऐच्छिक पूरक करार (ऑप्शनल प्रोटोकॉल) स्वीकारला, तिथला नागरिक थेट समितीकडे तक्रारही करू शकतो. हंगेरीतल्या दोन अंध खातेदारांनी ती केली: बँक इतरांइतकंच शुल्क घेते, पण एटीएम आम्हाला एकट्याने वापरता येत नाही. २०१३ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने कौल दिला.

भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी करार मान्य केला, पण ऐच्छिक पूरक करार नाही. म्हणजे पुण्याच्या किंवा पणजीच्या खातेदाराला तशी तक्रार जिनिव्हात नेता येत नाही. पहिला अहवाल मे २०१० पर्यंत हवा होता. तो गेला २०१५ मध्ये आणि तपासला गेला सप्टेंबर २०१९ मध्ये. मधल्या काळात २०१६ चा कायदा आला आणि मान्य अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. समितीने इतर मुद्द्यांबरोबर 'दिव्यांगजन' या शब्दावरही नाराजी नोंदवली. महाराष्ट्रात २०२२ मध्ये स्वतंत्र विभाग निघाला तो 'दिव्यांग कल्याण' याच नावाने.

मोजणीचा घोळ वेगळाच. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी, म्हणजे २.२१ टक्के लोक अपंग. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा जागतिक अंदाज १६ टक्के. एवढी तफावत बरीचशी प्रश्नांतून येते. 'घरात कोणी अपंग आहे का?' असं दारात विचारलं की उत्तर बहुधा 'नाही'. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाखाली तयार झालेल्या वॉशिंग्टन गटाच्या प्रश्नांत 'अपंग' हा शब्दच नाही. ते विचारतात: चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का? चालायला किंवा पायऱ्या चढायला? थोडी, खूप, की अजिबात जमत नाही? पुढची जनगणना २०२७ ची आहे.