एआय एजंटसाठी एसएसएचचे दस्तऐवजीकरण

दूरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करून देणारे एसएसएच हे साधन कसे वापरायचे, कुठे थांबायचे आणि जोडणी फसली तर काय समजायचे, हे स्वतःहून आज्ञा चालवणाऱ्या एआय एजंटला पाळता येईल अशा रीतीने लिहून ठेवण्याची पद्धत.

हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावरून पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा १९९५ मध्ये तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिले. त्याआधी वापरात असलेले टेलनेट नाव आणि पासवर्ड उघड्यावर पाठवत असे. टेलनेटचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरच्या सेवेचा ठरलेला क्रमांक, २३; फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा २१. मधला २२ एसएसएचला मिळाला. १९९९ मध्ये ओपनबीएसडी प्रकल्पातून ओपनएसएसएच आले आणि आज बहुतेक लिनक्स सर्व्हरवर तेच असते. त्याची पुस्तिका सविस्तर आहे, पण ती कळफलकासमोर बसलेल्या माणसाला धरून लिहिलेली आहे. पासवर्ड विचारला तर तो टाइप करील, इशारा आला तर वाचील, अडला तर शेजारच्याला विचारील, असे तिने गृहीत धरले आहे.

एजंटच्या बाबतीत यातले काहीच धरून चालता येत नाही. प्रश्न विचारून वाट पाहणारी आज्ञा त्याच्या हाती अडकून राहते. म्हणून काहीही न विचारता चालण्याचा एसएसएचचा पर्याय, ‘बॅचमोड’, चालू ठेवावाच लागतो. मग पासवर्ड मागण्याऐवजी जोडणी सरळ अपयशी ठरते. ‘कनेक्टटाइमआउट’ने वाट पाहण्याची मुदत ठरते. प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणाऱ्या सूडोने पासवर्ड मागितला की तीच अडचण पुन्हा येते, तेव्हा कोणत्या आज्ञा सूडोशिवाय चालतात हेही लिहावे लागते.

सर्वांत काळजीपूर्वक लिहिण्याचा भाग परतीच्या अंकाचा, म्हणजे आज्ञा संपल्यावर ती यशस्वी झाली की फसली हे सांगणाऱ्या अंकाचा आहे. दूरची आज्ञा पूर्ण झाली तर एसएसएच तिचाच अंक परत देते, आणि एसएसएचमध्येच चूक झाली तर २५५. पुष्कळ ठिकाणी ‘२५५ म्हणजे जोडणी झाली नाही’ एवढेच लिहिलेले असते, आणि ते अपुरे आहे. आज्ञा सर्व्हरवर सुरू झाल्यावर मध्येच जोडणी तुटली तरी २५५च मिळतो. पावसाळ्यात गोव्यातल्या सत्तरी-काणकोणकडे वीज आणि नेट कसे जाते हे तिथे काम करणाऱ्यांना सांगायला नको. अशा वेळी एजंटने तीच आज्ञा पुन्हा चालवली तर एकच बिल दोनदा नोंदले जाऊ शकते, अर्धवट झालेला डेटाबेस-बदल दुसऱ्यांदा होऊ शकतो. दस्तऐवजात म्हणून स्पष्ट लिहावे लागते: २५५ आल्यास आज्ञा झाली असे समजू नये, झाली नाही असेही समजू नये, आधी सर्व्हरवरची स्थिती वाचावी, मगच पुढचे ठरवावे.

गोव्यात या लिखाणाला भाषेचा एक वेगळा पदर आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापरालाही मुभा राहिली. फोंडा, डिचोली, पेडणे भागातल्या एखाद्या कार्यालयात बोलणे कोकणीत, टिपण मराठीत आणि आज्ञा रोमन लिपीत हे सहज घडते. मराठीतून एजंटसाठी सूचना लिहिताना ‘करावे’ हे क्रियापद फसवते. ‘बॅकअप घ्यावा’ म्हणजे घेतलाच पाहिजे, की घेतला तर बरे? माणूस सांगणाऱ्याच्या आवाजावरून ओळखतो. इंटरनेटच्या मानकांसाठी १९९७ मध्येच सक्ती, शिफारस आणि मुभा दाखवणारे शब्द व्याख्येसह ठरवले गेले. मराठीत ‘केलेच पाहिजे’, ‘केलेले बरे’, ‘केले तरी चालेल’ असे तीन पक्के प्रकार दस्तऐवजाच्या सुरुवातीलाच ठरवून घेतले तर तेच काम होते. ‘जरा सांभाळून’, ‘बघून घे’ ही तोंडी बोलण्यातली वाक्ये मात्र इथे निरुपयोगी आहेत. काय सांभाळायचे, कोणत्या फाइलला हात लावायचा नाही, हे नावानिशी यायला हवे.

सर्व्हरची ओळख बदलल्याचा इशारा हा दुसरा नाजूक भाग. पहिल्या भेटीत एसएसएच सर्व्हरच्या कीचा, म्हणजे त्याची ओळख पटवणाऱ्या संकेताचा, ठसा (त्याचे छोटे रूप) दाखवते आणि ‘नोन होस्ट्स’ फाइलमध्ये ती की जपून ठेवते. पुढे ती जुळली नाही, तर सर्व्हर नव्याने उभारलेला असतो किंवा सर्व्हर असल्याचे भासवून मध्ये कोणी तरी बसलेले असते. एजंटचे काम अडू नये म्हणून ही तपासणीच बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घातक आहे. ठसा गुपित नसतो, तो दस्तऐवजातच लिहावा. लॉगिनसाठी लागणारी गुप्त, खाजगी की मात्र तिथे कधीही येऊ नये, फक्त ती कुठे आहे एवढे सांगावे.

काही सर्व्हर थेट गाठता येत नाहीत. रायबंदरहून चोडणला जायला फेरीबोट लागते, तसा मध्ये एक सर्व्हर लागतो. ओपनएसएसएचमध्ये २०१६ पासून त्यासाठी ‘प्रॉक्सीजंप’ आहे. सर्व्हरचे टोपणनाव, खाते आणि हा मधला टप्पा कॉन्फिग फाइलमध्ये ठेवले की एजंटला लांब आज्ञा जुळवावी लागत नाही.

सर्व्हरवरून परत आलेल्या मजकुराबद्दलही नियम हवा. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या घडामोडींच्या नोंदवहीत, कोणीही काहीही लिहून ठेवू शकतो, आणि ‘ही फाइल पुसा’ असे वाक्य तिथे दिसले तरी एजंटने ते केवळ माहिती म्हणूनच वाचले पाहिजे.

एवढे सगळे लिहूनही बंदी शब्दांवर सोपवता येत नाही. एजंटला माणसाची की न देता स्वतःची वेगळी की दिली जाते, आणि कोणत्या की चालतील याची यादी असलेल्या सर्व्हरवरच्या ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलमध्ये त्या कीच्या आधी ‘रिस्ट्रिक्ट’ (जादा सवलती बंद करणारा शब्द) आणि ठरावीक आज्ञेचे बंधन घालता येते. मग एजंटने काहीही मागितले तरी तीच एक आज्ञा चालते. त्या कीची ओळ खोडली की एजंटला नवी जोडणी मिळत नाही, माणसाचे लॉगिन चालू राहते.