अष्टग्रही: ग्रह होते सूर्याच्या पलीकडे

‘ग्रह एका ओळीत आले, आता भूकंप होणार’ असा मजकूर मोबाइलवर आला की मला १९६२ची अष्टग्रही आठवते. त्या वर्षी ३ ते ५ फेब्रुवारीला रवी, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी आणि केतू मकर राशीत जमले होते. जगबुडीच्या धास्तीने देशभर होमहवने झाली. जग बुडाले नाही.

मुळात आठातले बरेचसे एकत्र असणारच होते. सूर्य दरवर्षी संक्रांतीला मकरेत येतो. अमावास्येला चंद्र त्याच्याजवळच असतो. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जात नाही, शुक्र ४७ अंशांपलीकडे. केतू तर ग्रहच नव्हे. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाला छेदते, तो बिंदू. राहिले मंगळ, गुरू, शनी.

आता ग्रहांच्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढीचे बघू. पृथ्वीला ताण देते ती नुसती ओढ नव्हे. पृथ्वीच्या जवळच्या आणि लांबच्या बाजूंवरच्या ओढीतला फरक ताण देतो, त्यानेच भरती येते. हा फरक अंतराच्या घनाने घटतो: अंतर दुप्पट, तर परिणाम एक अष्टमांश. सूर्याचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे २.७ कोटी पट, पण अंतर ३९० पट. ३९०चा घन जवळजवळ ६ कोटी. म्हणून एवढा अवाढव्य सूर्य चंद्राच्या निम्मीही भरती आणू शकत नाही.

आणि मला सगळ्यात आवडणारा मुद्दा पुढेच आहे. मंगळ, गुरू, शनी यांच्या कक्षा पृथ्वीच्या कक्षेबाहेर आहेत. ते सूर्याच्या दिशेला दिसतात, याचा अर्थ ते सूर्याच्या पलीकडे, म्हणजे आपल्यापासून सर्वाधिक लांब असतात! गुरू जवळ असताना पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण चौपट दूर असतो. अष्टग्रहीच्या वेळी तो सहापट दूर होता. घन करा: त्याचा परिणाम नेहमीच्या कमाल परिणामाच्या एक तृतीयांश, चंद्राच्या परिणामाच्या सुमारे पाच लाखाव्या हिश्श्याइतका. त्या दिवशी समुद्राला उधाण आले असेल ते दर अमावास्येला येते तेच, कोकणातल्या कोळ्यांना ते सांगायला नको. लोकांना भीती घालून शांतीचे पैसे उकळणाऱ्यांची मला चीड येते ती यामुळेच. हा हिशेब शाळेतल्या गणिताने होतो.

त्याच अमावास्येला खग्रास सूर्यग्रहण होते. एरवी सूर्याच्या झगझगाटात लपलेले हे ग्रह भरदिवसा सूर्याभोवती पाहायची संधी न्यू गिनीतल्या लोकांना मिळाली. मला त्यांचा हेवा वाटतो.